तिसरं घड्याळ

"काकाच आहे! दुसरं कोण असणार?" जिन्याखाली जमलेल्या आपल्या फौजेला भिंगरीने ठणकावून सांगितलं.

फौज म्हणजे दोघेच. धाकटा भाऊ टिल्लू आणि सुट्टीला आलेला आतेभाऊ कासव, ज्याची चाल संथ आणि बोलणं त्याहून संथ.

"पण मामा आजोबांची घड्याळं कशाला बिघडवेल?" कासवाने विचारलं. भिंगरीचा काका म्हणजे त्याचा मामा.

"आजोबांच्या खुर्चीसाठी! सगळे जेवायला गेले की तो गुपचूप चाचणीचं कपाट उघडतो. मी दोनदा पाहिलंय!"

"मग पाचच्या आत पकडू या!" टिल्लू म्हणाला. त्याला कुणालाही पकडलेलं चालत असे.

पाचची घाई उगाच नव्हती. चार पिढ्या हे घर हातानं घड्याळं बनवत आलं होतं. एकेका घड्याळाला सात-आठ महिने लागत. तयार झालं की ते कपाटात जाई. कधी उताणं, कधी पालथं, कधी कुशीवर ठेवून त्याची चाल तपासली जाई. मिनिटभर जरी चुकलं तरी नापास! आणि पणजोबांचा नियम असा, की ज्याची ओळीने तीन घड्याळं नापास होतील, त्याने आपलं भिंग आपणहून खाली ठेवायचं, पुन्हा हातात घ्यायचं नाही. दोन वर्षं खपून आजोबांनी बनवलेली तीन घड्याळं या महिन्यात ओळीने कपाटात गेली होती, आणि त्यातली दोन नापास झाली होती. रोज चार-चार मिनिटं पुढे! त्यांनी ती उघडून पाहिली, तर सगळे भाग जागच्या जागी. तेव्हापासून आजोबा चारचौघांत हात खिशात ठेवून वावरू लागले होते. तिसऱ्याचा निकाल आज पाचला लागायचा होता.

तिघं कारखान्यात घुसले. दाराशी एक ट्रे होता. मोबाइल, किल्ल्या, चुंबक असेल असं काहीही त्यात काढून ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, अशी शिस्त. कासवाने मुकाट्याने खिशातलं होकायंत्र ट्रेमध्ये ठेवलं. भिंगरी मात्र खांद्यावरची पर्स हलवत थेट आत गेली. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी काका हसून म्हणाला होता, "घरच्यांची कसली झडती!"

"काका!" भिंगरी ओरडली, तशा कारागिरांनी माना वर केल्या. "आजोबांची घड्याळं तूच बिघडवतोस! तुला त्यांची खुर्ची हवीय!"

काकाचा चेहरा पडला. त्याने कपाटातली वही काढून तिच्यापुढे धरली. "रोज दुपारी मी आकडे पुन्हा तपासतो गं. आपलंच वाचायला चुकलं असेल, आज तरी बरोबर येईल, या आशेनं." वहीत प्रत्येक आकडा दोनदा लिहिलेला होता.

आजोबांनी नुसतं "बाहेर जा" म्हटलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं! भिंगरीचे कान तापले. टिल्लू तर केव्हाच पसार झाला होता.

दाराशी कासव आपलं होकायंत्र घ्यायला वाकला आणि तसाच थांबला. "भिंगरी... मागे सरक जरा."

ती सरकली. काटा उत्तरेकडे गेला.

"आता पुढे ये."

ती पुढे आली. काटा गर्रकन वळला आणि तिच्या पर्सकडे रोखून राहिला.

पर्सचं झाकण टक्कन बंद होई, ते दोन जाडजूड लोहचुंबकांमुळे. आणि रोज दुपारी कारखान्यात गोष्टीचं पुस्तक वाचताना ती पर्स ठेवायची कुठे? चाचणीच्या कपाटावर! पातळ फळीखालचा पहिलाच खण आजोबांचा. चुंबकाजवळ घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग वेटोळ्यांनी एकमेकांना चिकटते आणि घड्याळ धावत सुटतं, हे या घरात टिल्लूलाही पाठ होतं. पण ट्रे ओलांडून चुंबक आत आलंच कसं असेल, असा संशय मोठ्यांपैकी कुणालाच शिवला नव्हता. सगळ्यांनी बघितले ते आजोबांचे हात.

भिंगरीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"मी सांगणार नाही कुणाला," कासव हळूच म्हणाला.

पाचला सात मिनिटं होती. गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नव्हतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आजोबा उठले होते, भिंग हातात होतं.

"थांबा आजोबा!" पर्स बाहेरच टाकून ती आत धावली. मघाचेच कारागीर, मघाचाच काका. "काकाने नाही... मी केलं. माझ्या पर्सला चुंबक आहे. मी ती रोज कपाटावर ठेवायचे. ट्रेमध्ये एकदाही ठेवली नाही."

मग आजोबांनी कोपऱ्यातलं चुंबकत्व उतरवायचं यंत्र ओढलं. त्यावर बोटभर धूळ होती! घड्याळ त्यावरून फिरवून त्यांनी चाल मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवलं. सगळे वाकून बघू लागले. कागदावर रेघ उमटू लागली, सरळच्या सरळ.

"बरोबर चालतंय!" काका ओरडला. "आम्ही दहा जण महिनाभर डोकं खाजवत बसलो आणि पोरांनी शोधून काढलं!" एका कारागिराने कासवाची पाठ थोपटली. "शाब्बास रे पोरांनो!"

ती शाब्बासकी भिंगरीला चटका बसावा तशी लागली. तिची मान वर होईना. "मला शाब्बास म्हणू नका," ती रडतच म्हणाली. "मला खूप लाज वाटतेय."

आजोबा खुर्चीत बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि तिच्याकडे वळले.

"वाटू दे. मला महिनाभर विनाकारण वाटत होती. तुला निदान कारण आहे!"

भिंगरीला रडता रडता हसू आलं. काका मात्र हसला नाही. पहिल्या दिवशी हसून आत सोडलेल्या पुतणीशेजारी तो येऊन उभा राहिला.

"मलाही आहे," तो म्हणाला आणि त्यानेही मान खाली घातली.