पलीकडच्या टोकाला कोण बोलतंय

किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला एक अर्धगोल दालन आहे. पूर्वी तिथे तोफांची दारू ठेवत. भिंत इतकी घोटीव, की या टोकाला पुटपुटलं तरी पलीकडच्या टोकाला शब्द न् शब्द ऐकू येतो. आवाज वळणावरून घरंगळत जातो, एवढंच. मी इथे गाइड आहे. नव्या जोडप्यांना मी सांगते, "भांडायचं असेल तर खाली पुळणीवर जा. भिंतीला कान असतात म्हणतात ना, ते इथलेच."

लोक हसतात, फोटो काढतात आणि मग खाली बोटीत बसायला जातात. त्या बोटी माझ्या मेहुण्याच्या. गेल्या मोसमात त्यातलीच एक उलटली. तो आणि त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोघंही त्याच बोटीत होते आणि किनारा हाकेच्या अंतरावर होता. तो वाचला. ती गेली. "लाटेनं हात सुटला हो," असं तो आईच्या पायाशी बसून रडला. आईनंच त्याचे डोळे पुसले.

या मोसमात एका बाईंनी पलीकडच्या टोकाहून विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण बोलतंय?"

"कोणी नाही. आवाज घुमतो."

मग एका म्हाताऱ्या मास्तरांनी कानातलं यंत्र काढून, पुसून पुन्हा लावलं. "हात सोडू नका, म्हणाली. कोणाला म्हणाली?"

मी झरोके तपासले. बाहेर तटावर कोणी उभं राहतंय का, तेही पाहिलं. कोणी नव्हतं. दुपारी दालन रिकामं झालं तेव्हा मीच भिंतीला कान लावला. उन्हाळ्यातही दगड ओला होता. शेवाळाचा वास आला. आणि मग तो लहानपणापासून ओळखीचा, किंचित नाकातला आवाज.

"ताई, यांना घेऊन ये."

घाबरायला हवं होतं. पण मला एवढंच कळलं, की हात लाटेनं सुटला नव्हता.

मेहुण्याला मी सांगितलं, "बोटी थेट किल्ल्याच्या दरवाजाशी लावायचं चाललंय. एकदा जागा बघून जा."

तो तोंडभर हसत आला. "तुमच्या तोंडात साखर पडो, ताई! आता लोकांना काय दाखवता, ते तरी दाखवा."

मी त्याला पलीकडच्या टोकाला उभं केलं. स्वतः या टोकाला आले, भिंतीला कान लावला आणि तोंड मिटून राहिले.

आधी नुसत्या लाटा. मग त्याचा आवाज, "ताई, चेष्टा पुरे."

मी दुसरा कान हातानं झाकला.

"तू? तू इथे कशी?"

मग त्याचा आवाज चढला.

"हो, मारली लाथ! मग काय करणार होतो? गळ्याला मिठी मारलीस. दोघंही गेलो असतो."

त्यावरचं उत्तर मला ऐकू आलं नाही. त्याला आलं.

"नको. आज नको गं."

मी धावले. तो भिंतीकडे हात करून उभा होता. मनगटावर बोटांचे वळ होते. तळवा पांढराफटक, सुरकुतलेला, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा. माझ्याकडे न बघताच तो पायऱ्या उतरून गेला.

थोड्याच दिवसांत तो बुडाला. भर उन्हात, पोहणाऱ्यांच्या गर्दीत, गुडघाभर पाण्यात.

"वाळूत रुतला नव्हता," जीवरक्षक मला म्हणाला. "मी इकडून ओढत होतो, आणि कोणीतरी तिकडून."

सगळं उरकल्यावर मी दालनात गेले.

"झालं ना गं तुझ्या मनासारखं?"

मी भिंतीला कान लावला. मग अगदी हळू आलं,

"ताई, आणि मी बुडताना काठावर उभं राहून बघत होते ते?"

आता आत शिरण्याआधी मी प्रत्येक गटाला हसून विचारते, "गेल्या मोसमात इथे कोण कोण आलं होतं?"

कोणीतरी हौसेनं हात वर करतंच.