न दुखलेला गुडघा

"एकटीनं खेळनं टीनाले झेपलंच नसतं, साहेब. तिचा गुडघा लहानपनापासूनच कच्चा," असं केवलराम कापगते अगदी सहज बोलून गेले, आणि समोर बसलेल्या प्रेमानंदांनी ते मानपत्राच्या मसुद्यात तितक्याच सहज उतरवून घेतलं... ‘गुडघ्याच्या व्याधीवर मात करून दुहेरीत नाव कमावणारी भिलाईची सुकन्या’!

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या टीनाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उद्या सकाळी मराठी मंडळात तिचा सत्कार होता. देशोदेशीच्या कोर्टांवर घाम गाळून, दुहेरीची चौदा विजेतीपदं मिळवून ती बत्तिसाव्या वर्षी खेळातून निवृत्त झाली होती, आणि तिच्या साऱ्या कष्टांवर हा माणूस, तिचा जन्मदाता बाप, एक धडधडीत खोटं चौकटीत बसवून टांगायला निघाला होता. तिचा गुडघा उभ्या आयुष्यात एकदाही दुखला नव्हता!

तिनं ट्रे ठेवला आणि ती ओळ काढा, म्हणून प्रेमानंदांना स्पष्ट सांगितलं. मंडळाचे सचिव असले तरी माणूस भिडस्त. ते गोंधळले, मसुदा टीपॉयवरच ठेवला, संध्याकाळी छापायला द्यायचाय, तोवर घरात ठरवून फोन करा म्हणाले आणि सुपेल्याच्या बाजारातली गर्दी वाढायच्या आत स्कूटर काढून निघाले. फाटक लागताच केवलरामांचा आवाज खाली आला.

"कावून जुनं उकरून राहिली, बेटा? मिताली येऊन राहिली दुपारी. तिले कळलं तं?"

धाकट्या बहिणीला कळलं तर... या एका धाकानं टीनाचं तोंड सतरा वर्षं शिवून ठेवलं होतं.

तेव्हा ते सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहत. केवलराम साकोलीकडचं शेत भावांवर सोडून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागलेले, आणि दोन्ही पोरी टाउनशिपच्या टेनिस कोर्टावर खेळून तयार झालेल्या. टीना पंधरा वर्षांची, मिताली तेरा. सोळा वर्षांखालच्या राज्य स्पर्धेत दोघी बहिणी अंतिम फेरीत समोरासमोर आल्या, तेव्हा सगळ्या सेक्टरनं पेढे खाल्ले. जिंकेल तिला हैदराबादच्या अकादमीत जागा मिळणार होती. एकच जागा. आदल्या संध्याकाळी केवलरामांनी टीनाला सायकलवर मागे बसवून दूर नेलं आणि सांगितलं, तू मोठी, चार-पाच वर्षांत तुझं लग्न करावं लागेल, धाकटीच्या हाताशी वेळ आहे... उद्या तू उतरू नकोस. पोटच्या पोरीला, जिनं अजून दहावीही केली नव्हती, तिला बापानं लग्नाच्या हिशेबानं मोडीत काढलं! आणि पोर तरी कशी, तिनं मान हलवली.

कारण न देता माघार घेतली तर पुढच्या स्पर्धांवर बंदी येणार, म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून गुडघ्याचा कागद आणला गेला. पण कागदानं भागेना. सेक्टरभर डोळे होते. मग महिनाभर बेबीताई, तिची आई, ओट्यावर बसून सगळ्यांसमक्ष त्या धडधाकट गुडघ्याला तिळाचं तेल चोळत राहिली, आणि टीनाला शाळेच्या वाटेवर लंगडत जायला लावलं. धाकटी मिताली दोघींची दप्तरं दोन खांद्यांना अडकवून ताईच्या मागून चालायची. ते दप्तर तिच्या खांद्यावर बघताना टीनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मिताली हैदराबादला गेली. टीना भिलाईत राहिली, आणि गुडघा कच्चा म्हटल्यावर एकेरीसाठी तिचं नाव कोणी पाठवेना. दोन वर्षांनी रायपूरच्या कमलिनीची जोडीदार ऐन वेळी तापानं आडवी झाली, तिथं टीना उभी राहिली आणि दोघी स्पर्धा जिंकून आल्या. तिथून तिची वाट दुहेरीची झाली. जिथं एकेरीचा सामना संपताच प्रेक्षक उठून जातात, अशा कोर्टांवर ती वर्षानुवर्षं खेळली; मागून कमलिनीच्या फटक्याच्या नुसत्या आवाजावरून सर्व्हिस कुठे पडणार ते ओळखून नेटजवळ झेपावायला शिकली. जोडीदाराची चूक आपली मानायची आणि आपली चूक बोलून दाखवायची नाही, हेही शिकली. तिला हा खेळ जिवापाड आवडू लागला. पण घरी आली की तोच प्रश्न, एकेरीत काय केलं? आणि बापाचं तेच उत्तर, गुडघा! इतक्या वेळा सांगून सांगून त्या माणसाला ते खरंच वाटू लागलं होतं, याचीच तिला सर्वांत जास्त चीड होती.

आणि जिच्यासाठी हे सारं केलं, तिनं एकोणिसाव्या वर्षी रॅकेट खाली ठेवली. कारण कधी सांगितलं नाही. रेल्वेत लागली, संसाराला लागली. आपण जन्माची माती केली ती कशासाठी, हा सल टीनाच्या काळजात तेव्हापासून रुतून होता.

दुपारी मिताली आली. आईच्या पाया पडली, पाणी प्यायली आणि टीपॉयवरचा कागद उचलून वाचू लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. टीनानं कागद ओढून घ्यायला हात पुढे केला, तर मितालीनं तो मागे नेला.

"हे उद्या वाचनार हायेत? सब के सामने?"

"राहू दे, मिताली. एका ओळीची तं गोष्ट हाये," टीना कशीबशी म्हणाली. सकाळपासूनचा सगळा संताप तिनं गिळला होता... पुन्हा एकदा.

"ताई, मी तुह्या मागून चालत होती," मिताली म्हणाली. "दोन-दोन दप्तरं घेऊन. सोमवारी तू उजव्या पायानं लंगडत होती, शुक्रवारी डाव्या. तुले वाटते मले दिसलं नाही?"

बेबीताईंनी पदर तोंडाशी नेला.

"तेरा वर्षांची होती मी. कोनाले विचारू? हैदराबादले एकेक मॅच जिंकली ना, की वाटे, ही बी कोनी सोडून तं नाही देल्ली? त्या डरानं खेळ सुटला माहा. तुमी सगळ्यांनी मिळून मले दान देल्लं, आन् तुनं बी देल्लं, ताई. मले विचारलं होतं का, मिताली, तुले पाह्यजे का म्हनून?"

इतकी वर्षं अन्याय फक्त आपल्यावर झाला, अशी टीनाची पक्की समजूत होती! ज्या त्यागाच्या आधारावर ती मनातल्या मनात ताठ उभी होती, त्याच त्यागानं धाकट्या बहिणीचा खेळ गिळला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

केवलरामांनी फोन उचलला. प्रेमानंदांना त्यांनी गुडघ्याची ओळ खोडायला सांगितली. तिच्या जागी काय लिहू, असं पलीकडून विचारलं गेलं असावं.

"लिवा," ते म्हणाले, "का पोरीचा गुडघा चांगला होता, बापानं तिले खेळू देल्लं नाही. लाज वाटत असन लिवाची, तं मी उद्या सोता उभा राहून सांगतो." त्यांनी फोन ठेवला, दोन्ही मुलींसमोर हात जोडले आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. टीना उठली नाही. राग असा एका फोननं विरघळत नसतो. पण तिनं आईला खूण केली, आणि बेबीताई त्यांना पाणी द्यायला उठल्या.

दोघी बहिणी मागच्या अंगणात गेल्या. मितालीनं डोळे पुसले आणि विचारलं, "खरं सांग ताई. त्या दिवशी खेळलो असतो, तं कोन जिंकलं असतं?"

रडून रडून लाल झालेल्या त्या चेहऱ्याकडे टीनानं पाहिलं, आणि पोटात माया दाटून आली.

"तू," ती म्हणाली.

"पुन्हा नको देऊ, ताई."

त्या आठवड्यातला मितालीचा खेळ टीनानं आठवून पाहिला, तिची आखूड पडणारी दुसरी सर्व्हिस, पाचव्या गेमनंतर जड होणारे तिचे पाय. मग बहिणीच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "मी जिंकली असती. सहा-तीन, सहा-दोन."

मितालीनं मोठा श्वास सोडला. कितीतरी वर्षांचा बोजा खांद्यावरून उतरावा तशी ती सैल झाली, ताईच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत देत हसू लागली.

"सतरा वर्षं झाली," ती म्हणाली, "मले निस्तं हरायचं होतं."