बत्ताशाची अग्रछाया

काल सकाळी अग्रछायेनं स्वच्छ सांगितलं होतं: उद्याचा दिवस उत्तम, खूर थंड, भूक चांगली, एक गोळी पुरे. आणि आज तो उद्याचा दिवस उजाडला, तेव्हा बत्ताशा तबेल्यात पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन, तापल्या तव्यावर उभं केल्यासारखा थरथरत होता.

"उत्तम म्हणे!" सायली कोकळेनं हातातली बादली आपटली. "हे बघा तुमचं उत्तम!"

हे ती कुणाला म्हणत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. तबेल्यात ती आणि तिचं तट्टू, दोघंच होती.

माथेरानात मोटारी तेव्हाही नव्हत्या. डोंगराखालचं जग हवेतून ये-जा करू लागलं होतं, तरी माथ्यावरच्या लाल वाटा पायांसाठी आणि टापांसाठीच राखलेल्या होत्या. बदललं होतं ते एवढंच, की गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या घोड्याला आता एक अग्रछाया होती. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा मापक बसवलेला असे. रक्तातली साखर, संप्रेरकं, नाडी, ताप असं सगळं तो दर पाच मिनिटांनी डोंगराखालच्या पशुवैद्यक केंद्राकडे पाठवी. तिथल्या संगणकात त्याच घोड्याची एक प्रत चालू असे, नुसत्या आकड्यांची बनलेली. तिचं घड्याळ मात्र एक दिवस पुढं लावलेलं. खऱ्या घोड्याचं उद्या काय होणार ते त्या प्रतीचं आजच होऊन जाई. शरीराच्या पुढं पडणारी छाया, म्हणून अग्रछाया. उद्या पोटात कळ येणार असेल तर औषध आज. गावातल्या घोडेवाल्या वसंत शिंगाड्याच्या घोडीचा पोटशूळ असा दोनदा टळला होता, आणि वसंताला त्याचं काही विशेष वाटलंही नव्हतं.

बत्ताशाची अग्रछाया मात्र चौदा महिने चुकत होती. ती "सांभाळा" म्हणे, त्या दिवशी हा चंदी फस्त करून बादली चाटत बसे. ती "उत्तम" म्हणे, त्या दिवशी हे असं.

बत्ताशाला कुशिंगचा आजार होता. मेंदूच्या तळाशी वाटाण्यापेक्षा थोडी मोठी अशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते. तिला लगाम घालणारे काही मज्जातंतू असतात. घोडा म्हातारा झाला की ते कधीकधी झिजतात, आणि लगाम सुटलेली ग्रंथी संप्रेरकं वाटेल तशी सोडत राहते. मग ऐन मे महिन्यात अंगावर अस्वलासारखे केस. सायलीनं वर्षात चार वेळा ते कातरले होते, आणि दर वेळी गावात कुणीतरी विचारी, "काय ताई, मेंढरू पाळलंय का?" मग तहान, घाम, मांस झडलेली पाठ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुरांचा दाह. खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी धरलेलं असतं ते सुजतात आणि सैल होतात.

उपाय म्हणजे रोज एक गोळी, कधी दीड, कधी दोन. ती त्याच्या पोटात घालणं हे एक स्वतंत्र काम होतं. गूळ बंद, कारण साखर चालत नाही. गाजर दिलं तर तो गाजर खाई आणि गोळी ओठाच्या कडेनं बाहेर सोडी. भाकरीच्या तुकड्यात दडवली तर भाकरी हुंगून तोंड फिरवी. शेवटी ती गोळी पाण्यात विरघळवून पिचकारीनं घशात मारायची, तर तो निम्मं पाणी तिच्या पदरावर शिंकरून टाकी.

"अरे, तुझ्यासाठीच मरतेय ना मी!" असं ती दिवसातून एकदा तरी ओरडे.

मरत होती हे खरंच होतं. नवरा खाली नेरळला नोकरीला, रविवारी येई. बाकी सहा दिवस ती होती आणि बत्ताशा. बाकीचे घोडे तिनं विकून टाकले होते, याला नाही. अकरा वर्षांपूर्वी, दाट धुक्यात, एका वयस्कर पाहुण्या बाईला पाठीवर घेऊन बत्ताशा वाटेत ताठ उभा राहिला होता. उशीर झाला होता. सायलीनं हाकललं, लगाम ओढला, मग फोक काढला आणि चार-पाच सपासप ओढले. तो हलला नाही. वाऱ्यानं धुकं फाटलं तेव्हा दिसलं, पुढची वाट रात्रीच्या पावसात दरीत गेली होती. त्याच्या मानेवर वळ उठले होते. त्या दिवसानंतर तिनं त्याच्यावर हात उगारला नव्हता, आणि त्याच्याकडे निवांत मनानं पाहिलंही नव्हतं.

त्या 'उत्तम' सकाळी तिनं त्याचे खूर गार पाण्यात बुडवले आणि केंद्रात फोन लावला. तिसऱ्या दिवशी डॉ. हर्षद फणसे, वाहनं जिथं थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून चालत, धापा टाकत वर आले. अग्रछायेचं गणित बसवणाऱ्यांपैकी ते एक. बारीक, चष्मा लावणारे, आणि आपली चूक आहे हे लगेच कबूल करणारे. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे.

"आमचंच चुकतंय, सायलीताई," ते म्हणाले. "चारशे घोड्यांचं बरोबर येतं, याचं येत नाही. एक गोष्ट मात्र दिसली. फेब्रुवारीत चार दिवस आकडे अगदी तंतोतंत जुळलेत. तेव्हा काय वेगळं केलं होतं?"

सायलीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "काही नाही. मी नव्हतेच. कल्याणला भाचीच्या लग्नाला गेले होते. वसंता येऊन चारा टाकून जायचा."

"आणि त्याआधी, गेल्या जूनमध्ये? नऊ ते बारा?"

"तेव्हा मलाच ताप होता. आत झोपून होते. का हो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग खिशातून एक पातळ पट्टी काढली. "महिनाभर ही दंडाला लावाल का? घोड्याला आहे तसाच मापक आहे. माणसांवर वापरायची परवानगी नुकतीच मिळालीय, फक्त प्रयोगापुरती."

"आजारी घोडा आहे, मी नाही!"

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तरी लावा."

महिन्यानंतर ते पुन्हा वर आले, तेव्हा त्यांच्याकडे दोन वेड्यावाकड्या रेषा असलेला एक कागद होता. वरची सायलीच्या संप्रेरकांची, खालची बत्ताशाच्या. वरची रेषा चढली की सात-आठ तासांनी खालची चढत होती. प्रत्येक वेळी.

"घोड्याचं नाक फार तिखट असतं," डॉक्टर सांगू लागले. "माणूस घाबरला, काळजीत पडला, की त्याच्या घामाचा वास बदलतो. आपल्याला कळत नाही, घोड्याला कळतो. कळपातला एक घाबरला की सगळ्यांनी सावध व्हायचं, ही त्यांची जुनी सवय. तुम्ही त्याचा कळप आहात. धडधाकट घोडा क्षणभर सावध होतो आणि विसरतो, कारण ग्रंथीला लगाम असतो. याचा लगाम झिजलाय. तुमची काळजी याच्या अंगात शिरते, ती उतरतच नाही. आम्ही एका घोड्याची छाया काढत होतो. तुमची छाया तिला जोडली आणि गणित सुटलं."

सायली कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे हा माझ्यामुळे आजारी आहे?"

"आजार त्याचाच आहे. चढउतार तुमचे आहेत." ते चाचरले. "आणि त्यात आमचाही वाटा आहे. छाया 'सांभाळा' म्हणते, तुम्ही दिवसभर घाबरता. ती 'उत्तम' म्हणते, तुमचा विश्वास बसत नाही, तुम्ही दहा वेळा खुराला हात लावून बघता. आमचं भाकीत तुमच्यातून त्याच्यापर्यंत पोचतं आणि स्वतःलाच खोटं पाडतं."

"मग करू काय मी?"

"शांत राहायचा प्रयत्न करा."

"डॉक्टर," सायली दातांवर दात ठेवून म्हणाली, "पंधरा महिने हा माझ्या अंगावर गोळ्या थुंकतोय. मला शांत राहायला सांगणारा माणूस समोर उभा असला ना, की माझं डोकं आणखीनच फिरतं."

तिनं प्रयत्न केले, नाही असं नाही. अग्रछायेचा निरोप बंद करून टाकला, तर निरोप नाही म्हणून जास्त काळजी. तबेल्यात शिरण्याआधी रिठ्यानं आंघोळ करून पाहिली. नवाकोरा रेनकोट गळ्यापर्यंत बंद करून भर उन्हात खरारा केला, आणि स्वतःच चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी शिकवलेला संथ श्वास घेत ती त्याच्यापाशी उभी राही, तर बत्ताशा कान टवकारून तिच्याकडे असा बघे, की आता हिला काय झालं! रेषा चढतच राहिली. दोन महिन्यांत खुरांचा दाह आणखी दोनदा झाला.

क्ष-किरणांचं चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड सरकायला लागलंय. आणखी एकदा झालं तर ते तळव्यातून बाहेर येईल. मग त्याला कायमचं झोपवण्यावाचून दुसरं काही करता येणार नाही." आणि मग, "ज्याला याचं काही वाटत नाही, अशा माणसाकडे तो राहायला हवा."

"असा कोण?"

दोघांनाही ठाऊक होतं. वसंत शिंगाडे वाईट माणूस नव्हता. वेळेवर चारा टाकी, वेळेवर पाणी दाखवी आणि सगळा वेळ कानाला फोन लावून कुणाशी तरी क्रिकेटवर बोलत असे.

"त्याला घोड्यांची नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत हो!" सायली म्हणाली.

"म्हणूनच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

वसंता बत्ताशाला न्यायला आला, तेव्हाही तो फोनवरच होता. हातानंच "येतो वहिनी" असं खुणावून त्यानं दोर धरला. गोळी कशी द्यायची, कुठल्या बाजूनं पिचकारी धरायची, हे सायली सांगत होती. तो मान डोलवत होता. बत्ताशा वळणापर्यंत मागं बघत गेला. सायलीला वाटलं, आता तरी आपण ओरडू, रडू, काहीतरी करू. ती आत गेली आणि रिकामा तबेला दोनदा झाडून काढला.

गोळी तो वसंताच्या हातून पहिल्याच दिवशी निमूट खाऊ लागला. साध्या भाकरीतून. हे ऐकून सायलीला जो संताप आला, तसा सगळ्या आजारपणात आला नव्हता. तीन महिन्यांत त्याचे केस आपोआप गळले, पाठ भरली. अग्रछाया रोज अचूक निघू लागली. सायली आठवड्यातून एकदा त्याला पाहायला जाई. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहतोय ना, ते आधी बघून, लांब जांभळीच्या झाडाआड उभी राही. एकदा वारा अचानक फिरला. चरणाऱ्या बत्ताशानं मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि आनंदानं खिंकाळला. सायली तोंडावर हात दाबून घराकडे पळाली. त्या रात्री त्याची साखर चढली.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि डोंगराखाली उतरायलाही. दिवाळीनंतर एका सकाळी नेरळहून एक बाई चढून आली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, किडकिडीत, आईचा हात घट्ट धरलेली. चढाचा तिला दम लागला होता, श्वासाची शिट्टी वाजत होती.

"ते घोड्याचं तुमचंच ना?" बाई म्हणाली. "हिला दम्याचे झटके येतात. कधी येतील सांगता येत नाही. औषधं झाली, हवापालट झाला. त्या डॉक्टरांचा नंबर द्या ताई. माझ्यामुळे होतंय का, एवढंच बघायचंय."

सायलीनं तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावून बाईचं म्हणणं सांगितलं.

"या महिन्यातली ही दोनशेवी असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "नवरे विचारतात, सुना विचारतात. एका शाळेनं विचारलंय, मुलांना दाखल करताना आईबापांची छाया जोडून मिळेल का."

"मग नाही म्हणा की सरळ!"

"मी नाही म्हणीन, ताई. गणित आता सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कुणीतरी हो म्हणेल."

सायलीनं फोन ठेवला. बाई आशेनं तिच्याकडे बघत होती.

"आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

"दिला त्याला दुसऱ्याकडे."

"बरा आहे?"

खोटं बोलावं असं सायलीला मनापासून वाटलं. पण वसंताच्या कुंपणात तो धष्टपुष्ट घोडा सगळ्या गावाला दिसत होता.

"बरा आहे," ती म्हणाली.

बाईनं मान खाली घातली. कुठला मापक नव्हता, कुठला कागद नव्हता, काही तपासलंसुद्धा नव्हतं. तरी तिनं हळूच, मुलीला कळू नये अशा बेतानं, आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला आणि पाऊलभर बाजूला सरकली. मुलगी आईकडे बघायला लागली. शिट्टी वाढली.

"अहो, धरा तिचा हात!" सायली ओरडली. "काय करताय तुम्ही? धरा म्हणते ना!"

बाईनं दचकून हात धरला. पण नुसत्या दोन बोटांनी धरला, आणि स्वतःचा श्वास रोखून उभी राहिली.