दोघांचं टेबल

“एकट्याला ते टेबल देत नाही, मॅडम.”

वाइन बारची मॅनेजर तनुजा हे इतक्या हळू म्हणाली, की कोपऱ्यातल्या त्या टेबलालाच ऐकू जाऊ नये असं तिला वाटत असावं.

“रिकामं तर आहे,” अनुया म्हणाली.

तनुजा नुसती तिकडे बघत राहिली.

तळवड्यातली ती जुनी प्रेस शॉपची, पत्रे दाबायच्या यंत्रांची शेड. आता तिथे पिवळे दिवे लोंबत होते आणि नाशिकच्या वाइनबरोबर सुरळीच्या वड्या आणि सुकं मटण मिळत होतं. अनुयाच्या वडिलांनी, नानांनी, याच शेडमध्ये उमेदीची वर्षं घालवली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटंही. म्हणून एकदा बघायची होती तिला ही जागा. पण बरोबर येणाऱ्या मैत्रिणीने आयत्या वेळी दगा दिला होता, आणि बाकी सगळी टेबलं भरलेली.

“आम्ही दोघं बसलो तर?” मागून आवाज आला. एक तरुण, हातात हेल्मेट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकलेलं. “मीबी एकटाच आहे. दोघं मिळून एक गिऱ्हाईक समजा.”

“मी तुम्हाला ओळखत नाही,” अनुया म्हणाली.

“बरंय की. भांडायला विषयच नाही.”

तिला हसू आलं... आणि हसली की संपलं, हे तिला ठाऊक होतं.

तो धनेश. लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला; सुट्टीच्या दिवशीच त्याचं काम जास्त. वाइनचा पेला त्याने चहाच्या कपासारखा दोन्ही हातांत धरला. “असा नाही,” म्हणून तिने दांडी धरून दाखवली, तर म्हणाला, “दाखवा परत. नीट दिसलं नाही.” दिसलं होतं त्याला. चांगलं दिसलं होतं!

मग त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. अनुयाने सहज दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

पेल्यातली लाल वाइन थरथरली.

मधोमध एक वर्तुळ उठलं, काठाला जाऊन विरलं. मग दुसरं. मग तिसरं... संथ, एका तालात. जमिनीखाली खोल काहीतरी आपटत असावं तसं. आवाज मात्र नव्हता. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि तरी तिला वाटलं, पलीकडून कुणीतरी आपल्यासारखेच तळवे टेकलेत. हात उचलावे म्हटलं, तर उचलेनात.

धनेश येऊन बसला. वाइन जागच्या जागी थांबली.

“शेजारी प्रेस चालू असेल,” तिचं ऐकून तो म्हणाला.

“आज गुरुवार आहे.”

गुरुवारी सगळी एमआयडीसी बंद. त्याच्या हातातला घास तोंडाशीच थांबला.

घरी तिने नानांना सांगितलं. ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले.

“थोरला प्रेस त्या कोपऱ्यातच व्हता. दोघांनी चालवायचा. समोरासमोर उभं राहायचं, दोघांचेबी दोन्ही तळवे बटणांवर असले तरच खाली यायचा. म्हंजे कुणाचा हात आत राहू नये. तर चिमाजीनं त्याची बटणं चिकटपट्टीनं बांधली आन् गेला चहाला. मशीनला वाटलं, समोर माणूस हाय.”

“आणि तुम्ही?”

“मलाबी तसंच वाटलं. सुटलेला प्रेस त्याच्याच बाजूनं हात उचलला की थांबायचा; वाकडा पत्रा बघून तो उचलंल, म्हून तर हात आत घातला.” ते थांबले. “पुढं तो जागा सोडायचाच न्हाई गं. शिफ्ट सुटली तरी समोर उभा. ‘नाना, आता मी हाय.’ तो गेला, मशीन भंगारात गेलं... पण एकट्याला उभं राहू द्यायचा न्हाई तो. अजूनबी देत नसंल.”

त्या रात्री अनुयाला भीती वाटली, आणि त्या चिमाजीची कीवही आली.

पुढचे गुरुवार ती आणि धनेश तिथेच बसू लागले. ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं, कळलंच नाही. चिमाजीकाकांची गोष्ट ऐकल्यापासून धनेश येताना खुर्चीला मान लववायचा. “बसू का, काका?” ती हसली की म्हणायचा, “हसायलीस काय? सिनियर आहेत.” दोघं समोरासमोर असली की वाइन काचेसारखी स्थिर. अनुया मनात म्हणायची, हा आहे. हा खरोखर समोर आहे.

आणि एका गुरुवारी, धनेश समोर बसलेला असताना, पेल्यात वर्तुळ उठलं.

तो दिवाळीबद्दल बोलत होता. दिवाळीत नानांना भेटायला येतो म्हणत होता. तिने खाली पाहिलं. दुसरं वर्तुळ. तिसरं.

“धनेश... तू इथे नाहीयेस.”

“म्हणजे? हा काय बसलोय.”

“काकांना खुर्ची रिकामी दिसतेय. काय लपवतोयस?”

त्याने पेल्याकडे पाहिलं. चेहरा उतरला. “कंपनी गुजरातला, साणंदला पाठवायलीय. वर्षभर. मी हो म्हणून बसलोय.” मग घाईघाईने, “पण रद्द करतो! उद्याच सांगतो, जात नाही म्हणून.”

वाइन काठापर्यंत हिंदकळली. एक थेंब टेबलावर सांडला.

“बटणं बांधू नकोस,” अनुया म्हणाली. “जायचं तर जा. पण इथे बसल्यासारखं करून जाऊ नकोस. नानांची बोटं गेली अशाने.”

मग त्याने दोन्ही तळवे हळूच टेबलावर टेकले. तिच्या हातांसमोर, अगदी बोटांना बोटं लागतील एवढ्या अंतरावर.

“जाणारच आहे मी. मला ते काम पाहिजे. आणि... तू पण पाहिजेस. सांगितलं तर उठून जाशील, म्हणून घाबरलो होतो. आत्तापण घाबरायलोय.”

पेल्यातलं शेवटचं वर्तुळ काठाला लागलं आणि विरलं.

“मी कुठे उठले?” अनुया म्हणाली.

तो गेल्यानंतरच्या गुरुवारी ती एकटीच आली. तनुजाने मान हलवली. “मॅडम, एकट्याला...”

“एकटी नाहीये मी.”

तिने फोन बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर धनेश. त्याच्या मागे मेसमधली ताटं वाजत होती.

“हात?” तिने विचारलं.

“हे बघ की.” दोन्ही तळवे, तिकडच्या स्टीलच्या टेबलावर.

तिने आपले टेकले. श्वास धरून पेल्याकडे बघत राहिली. वाइन हलली नाही.

मग समोरची रिकामी खुर्ची, कुणी हात न लावता, हळूच मागे सरकली. शिफ्ट संपल्यावर माणूस उठतो तशी.

“अनुया? काय झालं गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ओठांवर हसू होतं. “काका सुटले.”