हवे तितके दिवस

बाजाराचा दिवस होता म्हणून मी पाचोडला गेलो होतो. सुकेशनीनं सांगितलं होतं, मेथी आणा, गूळ काळा बघून आणा आणि मला लोकरीचे पायमोजे. आश्विनातच पहाटेचा गारवा सुटला होता. एवढंच काम होतं. दिवा जरा जवळ घ्या, म्हणजे पुढचं सांगतो. वीज गेली आहे, आणि ती का गेली हे विचारायला मी आता फोन करत नाही. मी, ज्यानं उभी हयात अशा फोनांत घालवली.

मी पत्रकार होतो. औद्योगिक वसाहतीला लागून आमचा फ्लॅट. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं व्हायचं. त्या धुरावर मी इतक्यांदा लिहिलं, की संपादक म्हणायचा, "राजकुमार, तुमच्या बातमीची आता फक्त तारीख बदलायची राहिलीय." अधिकारी हवेचे आकडे दाखवायचे, कारखानदार झाडं लावतानाचे फोटो पाठवायचे. आणि घरी माझी बायको उशांच्या ढिगाला टेकून बसून झोपायची, कारण आडवं झालं की तिची छाती बंद व्हायची. शाळेत शिकवायची ती. फळ्यासमोर उभं राहून एक वाक्य पुरं होईना, तेव्हा तिनं नोकरी सोडली. मला अजून या गोष्टीचा संताप येतो. दुःख नंतर. आधी संताप.

"मला दमा, तुम्हाला राग," ती म्हणायची. "दोघांनाही हवापालट पाहिजे."

म्हणून निवृत्त झालो तसं हे रान घेतलं. दोन खोल्या, पुढं ओटा, बांधावर सीताफळी. शरद ऋतू असा असतो हे मला साठीत कळलं. सकाळी गवतावर दहिवर, कोवळं ऊन, बाजरीची काढणी, वाऱ्यावर भुसकटाचा वास. सुकेशनी ओट्यावर बसून सीताफळं उकलायची आणि बिया मोगऱ्याच्या कुंडीत फेकायची. "फेका तुम्हीपण," म्हणायची, "इथं कुणी नोटीस देत नाही." तिचा दमा गेला नव्हता, पण ती हसत होती. मला तेवढं पुरेसं होतं.

बाजारातून आलो तेव्हा दिवस मावळत होता. बांधापाशी एक म्हातारा उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याच्या मागं रस्ताभर मेंढरं. एवढा मोठा कळप, आणि धूळ नव्हती. हे मला नंतर सुचलं.

"साहेब, वावर मोकळं झालंय. बसवू का?"

आमच्या भागात ही जुनी रीत आहे. पीक निघालं की धनगर मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. लेंडीखत रानाला, त्यांना दाणे. मी खूश झालो. नाव विचारलं. मल्हारराव, असं म्हणाला.

"बसवा की."

"दिवस सांगा."

"कसला दिवस?"

"उठायचा. आवस म्हना, पुनव म्हना. कायबी म्हना, पन सांगा."

आता माझा स्वभाव. माणसानं माणसापुढं हात जोडून मुदत मागावी, याची मला चीड. हे सगळं जहागिरीतलं, निजामाच्या काळातलं, असं वाटलं. "मी काही जहागीरदार नाही, बाबा," मी म्हणालो. "माझ्या रानात कुणाला मुदत नाही. हवे तितके दिवस बसा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "साहेब... दिवस सांगा," परत म्हणाला, हळू.

"सांगितलं ना. हवे तितके."

मग त्यानं विचारलं नाही. काठी आडवी धरली, आणि मेंढरं वावरात शिरली.

त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. अंधारात मेंढरं दिसत नव्हती, फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. घंटा नाही, कुत्रं नाही, कोकरांचं बें-बें नाही. शेकडो नाकपुड्यांचा एकच श्वास. आत... बाहेर... जमीनच खालीवर होतेय असा. ओल्या लोकरीचा वासही येत होता, पावसाचा थेंब नसताना.

"किती शांत श्वास घेतात हो," सुकेशनी म्हणाली. थोड्या वेळानं ती आत गेली आणि आडवी झाली. उशी न घेता. पंप न ओढता. मी दारात उभं राहून तिच्याकडं बघत राहिलो, आणि मला रडू आलं.

सकाळी ऊन आलं तेव्हा वावर रिकामं होतं. चरायला गेले असतील म्हणून मी बघायला उतरलो. बाजरीच्या धसकटांवर दहिवर जसंच्या तसं होतं. एक खूर उमटला नव्हता. एक लेंडी नव्हती.

मी परत आलो. सुकेशनी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. कितीतरी वर्षांनी. मी तिला काही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. ते नाकारता येत नाही. ती विहिरीपर्यंत चालत जायची, झेंडू तोडायची, मला चिडवायची. संध्याकाळ झाली की मेंढरं वावरात असायची, सकाळी नसायची. शेजारच्या रानातला कडुबा हरभऱ्याचं बी मागायला आला, तेव्हा मी त्याला सहज विचारलं.

"जयभीम साहेब. मेंढरं? कुठली मेंढरं?" त्यानं वावराकडं बघितलं. "औंदा या रोडनं एक कळप आला नाय. लई चिखल होता, समदे खालच्या अंगानं गेले."

"मल्हारराव नावाचा म्हातारा आहे."

"नाय बा ठाऊक. पन दिवस बोलला ना तुमी?"

"नाही. हवे तितके दिवस म्हणालो."

कडुबा मोठ्यानं हसला. "अवो, पेपरवाले तुमी! आमच्या सासऱ्यानं असंच केलं व्हतं. धनगर बसला तो उठंच ना. पेरनी राह्यली, सासू रोज शिव्या देई, सासऱ्याला, धनगराला नाय! बिगरमुदतीचं बोललं की त्याची बी चूक नाय, तुमची बी नाय. बसला तो बसला."

मीही हसलो. तो बांध ओलांडून गेला, आणि आतून सुकेशनीचा आवाज आला. तिनं माझं नाव घेतलं. पण मधेच थांबून. अर्धं नाव एका श्वासात, अर्धं पुढच्या श्वासात. आणि त्या दोन श्वासांच्या मधली जागा फार मोठी होती.

त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि ऐकलं. वावर श्वास आत घ्यायचं, ती घ्यायची. वावर सोडायचं, ती सोडायची. वावर थांबायचं तेव्हा ती थांबायची. दमा नव्हता. शिट्टी नव्हती, धाप नव्हती. फक्त तिचा श्वास आता तिचा नव्हता.

दिवसा, मेंढरं नसताना, तर आणखी वाईट. दिवसा ती जेमतेम श्वास घ्यायची. ओट्यावर वावराकडं तोंड करून बसायची, आणि दिवस कलण्याची वाट बघायची.

पाचोडहून डॉक्टर आणला. तरुण, नीट बोलणारा. त्यानं तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, खूप वेळ ऐकलं. मग तो काढून हातात धरला आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर सांज झाली होती. "छाती साफ आहे," म्हणाला. "साहेब... यांना शहरात हलवा. आजच." फी न घेता गेला.

मी तिला गाडीत घातलं आणि शहराच्या रस्त्याला लागलो. आडूळच्या अलीकडंच तिचे ओठ निळे पडले. मी पंप दिला, काच उघडली, ओरडलो. कुणावर ओरडलो माहीत नाही. सवय. तिनं माझी बाही धरली.

"मागं... फिरवा."

"दवाखाना जवळ आहे, सुके. थोडंच राहिलंय."

"मागं..."

मी फिरवली. आमच्या बांधाशी चाक लागलं, आणि तिच्या छातीत हवा शिरली, भांड्यात पाणी ओतावं तशी.

तिला आत निजवून मी वावरात गेलो. म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. मेंढरांची पाठ न पाठ एकदम वर येत होती, एकदम खाली जात होती. मी आयुष्यभर मंत्र्यांना, बिल्डरांना, पोलिसांना तोंडावर प्रश्न विचारले आहेत. आवाज कधी कापला नव्हता.

"उठा इथून."

"तुमीच बसा म्हनला."

"कुणाच्या परवानगीनं तुम्ही माझ्या बायकोला..."

"तुमच्या."

मला त्याची गचांडी धरायची होती. हात पुढं गेला, आणि घोंगडी बर्फासारखी गार लागली. मी हात मागं घेतला.

"ठीक आहे. मी दिवस सांगतो. उद्या उठा."

"सांगा की. पन इचार करून सांगा." त्यानं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, दयाही नव्हती. "कळप उठतो तवा जेवढे श्वास बसलेत तेवढे समदे उठत्यात. मागं एक बी ऱ्हात नाय."

 मी तिथंच धसकटांत बसलो. "तिच्याऐवजी माझा घ्या. तिचा सोडा."

त्यानं फक्त ऐकून घेतलं, जसं सरकारी साहेब निवेदन ऐकून घेतो. शेवटी म्हणाला, "दिवस सांगा, साहेब."

मी सांगितला नाही. तेव्हापासून रोज सांजेला तो विचारायचा, आणि रोज मी नाही म्हणायचो. जो माणूस कुणाला मुदत द्यायला तयार नव्हता, तो आता मुदतीला घाबरून घरात बसलेला. हरभरा पेरला नाही. कडुबा शेवटचा आला तो सांजेला, मेंढरं वावरात असताना. म्हणाला, "साहेब, वावर पडीक ठेवून काय मिळतं? येडे झाले का तुमी?" त्याला दिसत नव्हतं. मला आणि सुकेशनीला दिसायचं.

तिची अवस्था सांगतो. ती हाडांवर आली होती. एक शब्द बोलायला तिला सांज व्हावी लागायची. घास तोंडात धरून ती वावरानं श्वास घ्यायची वाट बघायची, मग गिळायची. मी तिला धरून ठेवलं होतं, हे खरं. पण कशासाठी, हे मला तिच्या डोळ्यांत बघून सांगता येत नव्हतं.

काल सांजेला मी विहिरीवरून पाणी घेऊन आलो, तेव्हा ती ओट्याच्या कडेला उभी होती. स्वतःच्या पायांवर, खांबाला धरून. म्हातारा बांधापाशी होता. मला बघून तो वळला आणि वावरात गेला. त्यानं मला काही विचारलं नाही.

कळशी तिथंच टाकून मी धावलो. "आज विचारलं नाही तुम्ही?"

"बाईंनी सांगितला."

"कोणता? कोणता दिवस?"

तो घोंगडीत शिरला. मी ओट्यावर आलो, तिच्या पायाशी बसलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सुके, कधीचा सांगितलास?"

"तुम्ही... जन्मभर... तारखा छापल्या," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला वावर थांबत होतं. "ही... नाही."

"असं करू नकोस. मला कळायला नको?"

"कळलं तर... तुम्ही भांडाल." ती हसली. खरंच हसली. "भाकरी... करा. भूक लागलीय."

मी भाकरी केली. तिनं अर्धी खाल्ली, गुळाबरोबर. तो दिवस आज आहे की परवा, की दिवाळीनंतर, मला माहीत नाही. म्हणून मी झोपत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. एकट्यानं ऐकवत नाही. ती आत आहे, या दाराच्या पलीकडं. ऐका. आत... बाहेर... अजून आहे.

मघाशी, तुम्ही यायच्या आधी, मला वाटलं तिचा श्वास थांबला. नीट ऐकावं म्हणून मी माझा रोखून धरला. ती घेत होती. वावर घेत होतं. फक्त बांधाच्या बाजूला, कळपाच्या अगदी शेवटी, एक श्वास अर्ध्यात अडकला होता. मी वाट बघितली. तो सुटेना. छाती फुटायची वेळ आली तेव्हा मी माझा सोडला.

आणि तोही सुटला.