गीतांजली वहिनीच्या बाटल्या

हे खरं आहे.

ज्याला पटत नसेल त्याने जबलपूरला यावं. ग्वारीघाटच्या रस्त्यावर माझ्या दादाचं घर मी बोटाने दाखवीन. फाटकापर्यंत सोबतही येईन.

आत येणार नाही.

माझं नाव अंजनी, घरचे अंजू म्हणतात. मी जबलपुरातच, घमापुरात राहते. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. भूत दिसलं तर त्याला भांडी घासायला बसवीन, असं मी म्हणायची.

आता नाही म्हणत.

गोष्ट गेल्या डिसेंबरातली. दादाच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची संध्याकाळ. दादा म्हणजे विनय, माझा थोरला भाऊ. बँकेतून निवृत्त झालेला. त्याची बायको गीतांजली वहिनी, नाशिकची.

त्या संध्याकाळी वहिनी नव्हती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

वहिनीच्या मामांची द्राक्षं वाइनवाल्यांकडे जायची, आणि तिला त्याचं भारी कौतुक. माहेरी गेली की दरवर्षी लाल वाइनची एक बाटली घेऊन यायची. दोघंही पिणारे नाहीत बरं का. जिन्याखाली जुन्या सुती साड्यांमध्ये गुंडाळून बाटल्या आडव्या ठेवायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की चार माणसं बोलवून सगळ्या उघडायच्या, असं तिचं ठरलेलं. मी चिडवायची, वहिनी, लोणचं मुरवून राहिली का?

ती गेली आणि दादाचं बोलणंच बंद झालं. त्याचा मुलगा यश कॅनडात. घरात दादा आणि डोक्यावरचा पंखा. जेवला का विचारलं तर हो म्हणायचा आणि मी पाठवलेला डबा तसाच परत यायचा. डोळ्यांदेखत माझा भाऊ वाळत चालला होता. म्हणून त्याने स्वतः फोन करून बाटल्या उघडू म्हटलं, तेव्हा मी देवाला हात जोडले.

आम्ही चौघं होतो. दादा, मी, आणि समोरच्या घरात भाड्याने राहणारे अभिराम आणि अश्लेषा. दोघं पुण्याहून बदली होऊन आलेले, दादाचे दोस्त झालेले. ते आले वहिनी गेल्यानंतर. त्यांनी वहिनीला कधी पाहिलेलं नव्हतं.

अभिरामला वाइनमधलं कळतं. निदान तो तरी असं म्हणतो. त्याने गाळ खाली बसावा म्हणून सकाळपासून बाटल्या उभ्या करून ठेवायला लावल्या होत्या. आल्यावर मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरून तो अगदी हळूहळू काचेच्या जगमध्ये ओतायला लागला. जुनी बुचं हातातच भुगा होऊन राहिली होती. घोट लगेच गिळायचा नाही, तोंडात फिरवायचा, म्हणाला. अश्लेषाने फिरवला. मला ते चूळ भरल्यासारखं दिसलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. दादा हसला.

किती दिवसांनी हसला होता.

मग दादानेच नियम काढला. ज्या वर्षाची बाटली, त्या वर्षाची वहिनीची एक आठवण आधी सांगायची. मग घोट घ्यायचा.

दिवेलागण झाली होती. नर्मदेच्या घाटावरची आरती लाउडस्पीकरवरून ऐकू येत होती. रोज येते.

पहिली बाटली दादाची. ते तेव्हा गोहलपुरात भाड्याने राहायचे. शेजारी वर्कशॉप, दिवसभर ठोकाठोक. दादा म्हणाला, त्या आवाजातही मला गीताचं कळायचं. भाजी झाली की ती कढईच्या काठावर उलथणं दोनदा आपटायची.

आम्ही घोट घेतला. अभिरामने तोंड वाकडं केलं. व्हिनेगर झालंय, म्हणाला. जबलपूरच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार?

आणि स्वयंपाकघरातून...

टक. टक.

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मांजर असेल, असं अभिराम म्हणाला. मी जाऊन पाहिलं. ओटा पुसलेला. कढई फडताळात. खिडकी बंद. मी परत येऊन बसली आणि मांजर पळालं म्हणून सांगितलं. काय सांगणार दुसरं?

दुसरी बाटली माझ्या वाट्याला आली. मी सांगितलं की त्या वर्षी भेडाघाटला वहिनीचा पाय मुरगळला. तेव्हापासून तिची डावी चप्पल घासत यायची. मी तिला म्हणायची, वहिनी, तुला कधी चोरी जमायची नाही.

ही बाटली बरी निघाली होती. अभिराम रंगाबद्दल काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला.

आतल्या खोलीतून...

चप्पल घासत कोणीतरी चाललं होतं.

एक पाऊल नीट... एक घासत.

स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आवाज थांबला. दारात पडदा होता. हलला नाही.

मला रडू फुटलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा भीती नाही वाटली. आनंद झाला. वहिनी आली, आपल्या पंचविसाव्याला आली, असंच वाटलं. दादाचं तोंड बघाल तर... नवरदेवासारखं झालं होतं.

त्याने घाईघाईने तिसरी बाटली पुढे ओढली. गाळाबिळाचं न बघता सगळ्यांच्या ग्लासात ओतली. यशच्या वेळी ती अंगाई म्हणायची, म्हणाला. शब्द येत नव्हते तिला, नुसतं गुणगुणायची. हूं हूं करून.

पडद्यामागून...

हूं... हूं हूं...

तेव्हा मला दुसरी गोष्ट जाणवली. आरती ऐकू येत नव्हती. संपली असेल, म्हटलं. पण रस्त्यावरचे ऑटोही नव्हते. कुत्रं नाही. भिंतीवर घड्याळाचा काटा सरकत होता आणि त्याचीही टिकटिक नव्हती. सगळ्या जगात तेवढंच एक गुणगुणणं.

अश्लेषाने माझा हात घट्ट धरला. कानाशी लागून म्हणाली, "ताई, आपण बोलतो ना... तेच येतंय."



ती बरोबर बोलत होती. आम्ही उलथण्याचं सांगितलं, उलथणं आलं. चपलेचं सांगितलं, चप्पल आली. न सांगितलेलं काहीच आलं नव्हतं. वहिनी घरात आली की आधी चपला कडेला लाथाडायची आणि "पाणी दे गं" म्हणायची. ते कुठे होतं? ते आम्ही कोणी बोललोच नव्हतो.



चौथी बाटली अभिरामने उघडली नाही. दादाने उघडली. अंजू, तू सांग, म्हणाला.

मी सांगितलं.

म्हटलं, त्या वर्षी वहिनी शीळ वाजवायला शिकली. पोळ्या लाटता लाटता शीळ वाजवायची.

साफ खोटं. वहिनीला शीळ येत नव्हती. आणि आली असती तरी तिन्हीसांजेला घरात शीळ वाजवणारी बाई नव्हती ती. मी लहानपणी वाजवायची, तर आईची चापट पडायची.

आम्ही थांबलो.

पडद्यामागे काहीच नाही... बराच वेळ काहीच नाही. मी मनात म्हटलं, नको वाजवू. वहिनी असशील तर नको वाजवू.

मग...

फुस्स.

नुसती हवा. ओठ जुळवून कोणीतरी फुंकत होतं.

फुस्स... फुस्स...

जमत नव्हतं. पुन्हा पुन्हा करून पाहत होतं. शिकत होतं.

आणि मग सूर लागला.

बारीक, लांब शीळ. संपेचना. माणसाचा श्वास तेवढा पुरत नाही हो.

अश्लेषा किंचाळली नाही, काही नाही. उठली आणि अनवाणीच चालती झाली. अभिराम तिच्यामागे गेला. मी दादाचा हात धरून त्याला ओढत अंगणात आणलं. बाहेर पाऊल टाकलं तशी आरती ऐकू आली. ती चालूच होती.

मी म्हटलं, "दादा, ती वहिनी नाही. वहिनी शीळ वाजवत नव्हती. मी खोटं सांगितलं."

"मला माहीत आहे," दादा म्हणाला.

"मग?"

"तेवीस वर्षं संसार केला तिच्यासोबत. मला नाही कळणार? पहिल्याच टक टकीला कळलं होतं. तिचं आपटणं जोरात असायचं."

"मग काहून बसून राहिला तू?"

तो घराकडे बघत होता. आत शीळ चालूच होती.

"दोन वर्षं झाली, अंजू. दोन वर्षांत कोणी आलं नाही. आता कोणीतरी येऊन राहिलं ना."

माझा हात त्याने हळूच सोडवला आणि आत गेला. कडी लावल्याचा आवाज आला.

मी दार वाजवलं. रडली. शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही.

नंतर मी काय काय केलं ते थोडक्यात सांगते. आमच्या ह्यांना पाठवलं. दादाने चहा पाजला, क्रिकेटच्या गप्पा मारल्या, वाटेला लावलं. ग्वारीघाटवरून गुरुजी नेले, त्यांना दादाने दक्षिणा दिली आणि फाटकातूनच हात जोडून परत पाठवलं. यशला फोन केला. तो म्हणाला, आत्या, पापा डिप्रेशनमध्ये आहेत, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, वजनही वाढलंय.

वाढलं होतं खरंच. दादा जेवून राहिला होता. डबे रिकामे येत होते. समोरचे अभिराम-अश्लेषा मात्र घर सोडून दुसरीकडे राहायला गेले. कारण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

रोज एक आठवण, एक बाटली असं करत दादाच्या उरलेल्या बाटल्या संपल्या, तसे मला त्याचे फोन यायला लागले. रोज, दिवेलागणीला. "अंजू, तिचं काहीतरी सांग ना. माझ्याजवळचं संपलं."

पहिल्यांदा मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी डबा भरलेला परत आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी फोनवर दादा रडला. म्हातारा होत आलेला माणूस, लहान पोरासारखा. घर पुन्हा गप्प झालं, अंजू, म्हणाला.

मी सांगितलं. काय करू? भाऊ आहे माझा.

वहिनीला लिंबाचं लोणचं कसं आवडायचं ते सांगितलं. ती भांडताना कशी कमरेवर हात ठेवायची ते सांगितलं. माझ्याजवळचं खरंखुरं संपलं तसं मनाचं सांगायला लागली. तिकडे त्या घरात कोण जाणे काय उभं राहत होतं, आणि त्याला रोज एक एक घास मी भरवत होती.

मग एके दिवशी दादा म्हणाला, "बस, आता पुरे. चलो, तुला त्रास नाही देत. आता मी तुझंच सांगतो तिला."

"माझं?"

"लहानपणचं. तू पतंगासाठी गच्चीवरून कशी पडली ते. तुझी फटकळ बोली. खूप आहे माझ्याजवळ तुझं."

मी नको म्हटलं. दादा, हात जोडते, माझं नको सांगू म्हटलं.

त्याने फोन ठेवला होता.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. डबा पोचवणारा मुलगा गेला तर दादाने सांगितलं, आता डबा नको, घरी होतं. मी दिवसभर कळ काढली, आणि संध्याकाळी मीच फोन लावला.

"कोण?" दादा म्हणाला.

"अंजू बोलून राहिली."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग मागूनच कोणीतरी विचारलं...

"दादा, कोणाचा फोन आहे रे? जेवणाच्या वेळी लोकांना अक्कल नसते का?"

आवाज माझा होता.

फोन कट झाला.

मी होती तशी निघाली. ऑटो करून ग्वारीघाटच्या रस्त्याला आली. घरात दिवे लागले होते. फाटक उघडायला हात घातला आणि खिडकीत दादा दिसला. टेबलावर ताट मांडून जेवायला बसलेला. तब्येत सुधारलेली, गालावर तेज. आतल्या बाजूला बघून हसत होता.

मी हाक मारली. "दादा!"

त्याने वळून बघितलं. अंगणातल्या दिव्यात मी त्याला पूर्ण दिसत होती. त्याचा हातातला घास खाली पडला. चेहरा पांढराफटक झाला. ओठ हलले, रामरक्षा म्हणत असावा.

भूत दिसल्यावर माणूस बघतो ना, तसा माझा भाऊ माझ्याकडे बघत होता.

मग त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.