सातव्या डब्यातली चरबी

सातव्या डब्याचं झाकण माणिकप्पानं उचकटलं आणि तो ओरडतच मागे सरला. पातळ तुपातून चरबीची विटेएवढी पांढरी वडी वर डोकावत होती.

मुरुडच्या मठात त्या दिवशी दासोह होता, साऱ्या गावाला जेवण. पाचशे पानं उठायची होती. जेवणानंतर मठाच्या पंचात पहिल्यांदाच एका बाईचं नाव जाहीर होणार होतं, गुरम्माचं. आणि तुपाचे, आकडे टाकलेले, बाराही डबे गुरम्माच्याच दुकानातले होते.

अर्ध्या तासात बातमी गावभर झाली. तीस वर्षं तिच्या तुपात पुरणपोळ्या बुडवून खाणाऱ्यांना आता त्या तुपाला कसलासा वास येत होता म्हणून आठवायला लागलं. लोकांचं असंच असतं.

लातूरहून अन्न निरीक्षक सुकन्या आली, तेव्हा साडेअकरा वाजले होते. गुरम्मा ओट्यावर ताठ बसली होती. खाली अंगणात फाटक्या कॉलरीचा बजरंग उभा होता, त्याला लोकांनी ओढत आणलं होतं. गुरम्माच्या दुकानामागे तो चरबीचा धुण्याचा साबण करतो. हलगीवाले आणि चपला शिवणारे चामड्याला लावायची चरबीही त्याच्याकडूनच नेतात.

"घरी जा म्हणून राहिलेत मला," गुरम्मा म्हणाली. "न्हाई जाणार. चोर ठरवायचं तर हितं ठरवा, माझ्या तोंडावर."

"डबे कसे भरता, अक्का?"

"तूप कढलं की गाळायचं आन् कढत कढतच डब्यात. निवलं की झाकण. समदं माझ्या हातानं."

"इथं कधी आले?"

"काल सांजेला. कोठीत ठिवले. किल्ली माणिकप्पाजवळ."

सुकन्या बजरंगकडे वळली. "वडी तुमची?"

"हाव, माझीच. माझ्या अंगणात वाळत घातलेल्या वड्यांतली एक कमी हाय. पण मॅडम, मला मठाची पायरी चढू देत न्हाईत. कोठीत कसा शिरंल मी?"

कोठीच्या दारात माणिकप्पा भेटला. मठाचा कारभारी. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे.

"दरवर्षी डबे तुम्हीच उघडता?"

"न्हाई, नीलाबाई उघडते. आज म्हटलं, आपण बघावं."

"आणि नेमका सातवा?"

"हाताला आला."

"बाकीचे?"

"एक पहाटे शिऱ्याला लागला. धा अजून बंद हायत."

सुकन्यानं चमच्यानं वडी टोकरली. वैशाखाच्या उकाड्यात तूप पाण्यासारखं झालं होतं, पण वडी टणक होती, कडा अजून धारदार.

स्वयंपाकीण नीलाबाई चुलीपाशी करवादली होती. "सकाळधरनं चिमटा सापडंना. जळती लाकडं हातानं सारून राहिले मी."

"शिरा कुणी खाल्ला?"

"कोण खातंय? समदे थुंकून राहिले. स्वामीजींचं ताट तेवढं गेलं. माणिकप्पानं सोता नेलं."

"डबा उघडायच्या आधी?"

"न्हाई, मागून. बोंब झाल्यावर."

सुकन्या कोठीच्या मागे गेली. राखेच्या ढिगात तिनं काठीनं उकरलं. चिमटा निघाला. त्याच्या टोकांना पांढरी चरबी चिकटली होती.

मग तिनं सगळ्यांसमोर उरलेले दहा डबे उघडले. दहाही स्वच्छ.

"भेसळ करणारा चरबी तुपात वितळवतो, कुणाला कळू नये म्हणून," ती म्हणाली. "गुरम्माक्कांनी कढत्या तुपात ही टाकली असती, तर वडी उरलीच नसती. ही तूप निवल्यावर, कोठीत टाकली. लपवायला नाही, सापडावी म्हणून. बजरंग रोज हातानं चरबी मळतात, त्यांना चिमटा कशाला लागेल? चिमटा लागला तो शिवायचीही किळस असलेल्या माणसाला. आणि चरबीला लागलेला चिमटा मठाच्या चुलीवर परत टांगायला त्याचा हात धजला नाही."

ती माणिकप्पाकडे वळली.

"सातव्यात चरबी सापडली. शिऱ्याचं तूप त्याच बारा डब्यांतलं. पाचशे माणसांनी शिरा टाकला, आणि तुम्ही तो स्वामीजींना नेऊन दिलात. त्यात चरबी नाही हे तुम्हाला कसं माहीत?"



"कुणाच्या पोटात जाऊ दिली का मी?" माणिकप्पा उसळला. "स्वामीजींना बाटवीन व्हय? चाळीस वर्षं पंचात एक बाई न्हाई बसली. आमी काय तिच्या हाताखाली बसायचं?"

पंचांतले सर्वांत वडील चन्नबसप्पा घाईनं पुढे झाले. "अक्का, झालं गेलं. आतल्या आत मिटवू. तुमचं नाव जाहीर करतो, बास."

"आतल्या आत?" गुरम्मा उठली. "माझी बदनामी गावभर केली, तवा कुणाला आतलं सुचलं न्हाई. बाई, लिव्हा कागदावर. माणिकप्पाचं नाव पुरं लिव्हा."

मग ती अंगणात उतरली. बजरंगचा हात धरून तिनं त्याला पायऱ्या चढवल्या आणि पंगतीच्या पहिल्या पाटावर बसवलं.

"चरबीवाल्याला?" कुणीतरी पुटपुटलं.

"तुमची ही पांढरी धोतरं त्याच्याच साबणानं निघत्यात. चरबीनं धुतलेलं नेसून देवापुढं बसता, ते चालतं. ज्याला हा चालत न्हाई, त्यानं धोतर हितं सोडावं आन् जावं."

कुणी जागचं हललं नाही. नीलाबाईनं भात आणला. गुरम्मानं पहिली तुपाची धार बजरंगच्या पानावर सोडली आणि तो "पुरे" म्हणेपर्यंत हात आखडला नाही.